एआयच्या पहिल्या कोर्सला पुस्तक कोणतं घ्यावं?

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी थर्ड इयरला एआय शिकवते. सेमिस्टर सुरू झालं की मुलं विचारतात, "मॅडम, पुस्तक कुठलं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: रसेल-नॉर्विग, म्हणजे स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्विग यांचं ‘आर्टिफिशिअल इंटेलिजन्स: अ मॉडर्न अ‍ॅप्रोच’. हजारावर पानं बघून दबकू नका. सर्च, गेम्स, सीएसपी (अटी पाळून उत्तर शोधायचे प्रश्न) आणि लॉजिक एवढी प्रकरणं नीट झाली तरी पहिल्या कोर्सचा पाया पक्का होतो.

तिसरं प्रकरण, म्हणजे सर्च, वही-पेन घेऊनच वाचा. रुमानियाचा नकाशा आहे, अरादहून बुखारेस्टला जायचंय. ग्रीडी पद्धत दर वेळी बुखारेस्टला सरळ रेषेत सर्वांत जवळचं गाव धरते आणि फागाराशमार्गे एकूण ४५० अंतराने पोचवते. ए-स्टार हा अल्गोरिदम त्या सरळ अंतरासोबत आतापर्यंत कापलेलं अंतरही धरतो आणि पितेश्तीवरून ४१८चा रस्ता काढतो. वर्गात हेच मी नाशिक-मुंबईवर घेते. कसारा घाटात रस्ता कितीही वळला तरी तो सरळ रेषेपेक्षा कमी भरत नाही. म्हणजे सरळ रेषेचा आपला अंदाज (ह्युरिस्टिक) खऱ्या अंतराच्या वर कधीच जात नाही (हेच अ‍ॅडमिसिबल असणं), आणि म्हणून ए-स्टारला सर्वांत कमी अंतराचा रस्ता सापडतोच. हे कळलं की अ‍ॅडमिसिबल ह्युरिस्टिकची व्याख्या घोकावी लागत नाही. परीक्षेच्या तोंडावर खपणारी प्रश्नोत्तरांची गाइडं नेमकी इथे कमी पडतात. सूत्र देतात, पण ते का चालतं याबद्दल एक ओळ नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रॉबॅबिलिटीची प्रकरणं मात्र जड आहेत. एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) कच्चं असेल तर आधी ते उजळा.

सर्चमध्ये ज्यांना खरंच गोडी लागली त्यांनी आयआयटी मद्रासमध्ये शिकवलेले दीपक खेमानी यांचं ‘अ फर्स्ट कोर्स इन आर्टिफिशिअल इंटेलिजन्स’ (२०१३) जरूर बघावं. सर्च त्यात सावकाश, खोलात जाऊन येतो, आणि त्यांची लेक्चर्स एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) फुकट आहेत.

रसेल-नॉर्विगची चौथी आवृत्ती २०२०ची, डीप लर्निंगचं स्वतंत्र प्रकरण तिच्यात आहे. सर्च आणि लॉजिकपुरती जुनी तिसरीही चालते, सीनियरकडून मिळाली तर बिनधास्त घ्या. पुस्तकातल्या अल्गोरिदमचा पायथन कोड गिटहबवर मोफत आहे. रुमानियाचा नकाशाही त्यात आहे, तो आधी चालवून बघा.