केबल ड्रमचा रॅक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या गोडाऊनमध्ये आर्मर्ड (धातूचे कवच असलेल्या) केबलचे ड्रम, म्हणजे केबल गुंडाळलेली मोठी रिळे, ठेवण्यासाठी एका स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला दोन थरांचा रॅक सहा महिने रोजच्या वापरात आहे, आणि असाच रॅक करून घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

याआधीचा रॅक आम्ही दुसरीकडून घेतला होता. त्यात स्पिंडल, म्हणजे ड्रमच्या मधल्या भोकातून जाणारा दांडा, उथळ, वरून उघड्या खाचेत नुसता टेकवलेला असे. एके दिवशी वरच्या थरातला ड्रम जवळजवळ रिकामा होत आल्यामुळे सगळे निर्धास्त होते. केबलचा वेढा अडकला, दोघांनी हिसका दिला आणि स्पिंडलचे एक टोक खाचेबाहेर येऊन ड्रम हेल्परच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. भरलेला ड्रम स्वतःच्या वजनाने खाचेत बसून राहतो, हलका झालेलाच उसळतो, हे तेव्हा कळले. ड्रमच्या रॅकला वजन पेलण्याइतकीच ओढही सोसावी लागते, आणि माझ्या मते त्याची पारख इथेच होते.

नव्या फॅब्रिकेटरने दर सांगण्याआधी सर्वांत जड ड्रमचे वजन आणि सर्वांत अरुंद ड्रमची रुंदी विचारली. रुंद ड्रमचा भार दोन्ही फ्लँजमधून (ड्रमच्या कडेच्या गोल तबकड्यांमधून) आधारांच्या जवळ उतरतो. अरुंद ड्रम मधोमध बसला, तर सगळा भार स्पिंडलच्या मध्यावर येतो. १,००० किलोचा ड्रम आणि आधारांमधले १.२ मीटर अंतर धरले, तर मधल्या भारामुळे ५० मिमी व्यासाच्या भरीव राउंड बारच्या स्पिंडलमध्ये सुमारे २४० मेगापास्कल (ताणाचे एकक) ताण येतो, आणि साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) पोलादाची कायमचे वाकू लागण्याची मर्यादा २५० च्या आसपास असते. बार ६३ मिमीचा घेतला, की तोच ताण निम्म्यावर येतो. आम्ही ६३ मिमीचाच घेतला. खाचा खोल असून त्यांवर बिजागरीची झडप आणि लॉकपिन आहे. ड्रम बाजूला सरकू नये म्हणून स्पिंडलवर दोन्हीकडे स्क्रूने आवळायच्या कॉलर (कड्या) आहेत.

पेव्हर ब्लॉकवर बेसप्लेट (खांबांखालच्या पट्ट्या) बसवायला त्याने स्पष्ट नकार दिला. ब्लॉक काढून काँक्रीटचा पाया भरेपर्यंत आमचे काम अडले, परंतु वरच्या थरातून केबल ओढताना रॅक पुढे झुकू पाहतो आणि ती ओढ शेवटी रॅक पायाला जखडणाऱ्या अँकर बोल्टवरच येते, त्यामुळे त्याचा हट्ट योग्यच होता. जड ड्रम खाली, हलके वर, हा नियम आम्ही खांबावर रंगवून घेतला आहे. वेल्डिंग आणि रंगाबद्दल तक्रार नाही.

उणिवाही आहेत. लॉकपिन अडकवलेल्या साखळ्या इतक्या बारीक होत्या की दोन महिन्यांत तुटल्या आणि एक पिन हरवली. आता तिथे जाड साखळ्या लावल्या आहेत. क्षमतेच्या पाटीवर संपूर्ण रॅकचा भार लिहिला आहे, प्रत्येक थराचा नाही, त्यामुळे नवा माणूस सगळा भार वरच रचू शकतो. ब्रेक मुळीच नाही: ओढणे थांबले तरी ड्रम फिरत राहतो, केबलचे वेढे सैल होऊन जमिनीवर येतात आणि पुढच्या वेळी तेच अडकतात. पुढच्या रॅकसाठी फ्लँजला घासणारा साधा पट्टा-ब्रेक आणि फोर्कलिफ्टच्या बाजूच्या खांबांना संरक्षक गार्ड, अशी मागणी त्याच फॅब्रिकेटरकडे नोंदवली आहे.