काचबिंदूचे टू-इन-वन ड्रॉप्स: प्रेशर उतरलं, पण डोळे लाल

परवा केमिस्टशी वाजलं, म्हणून लिहायला बसलो. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांना डॉर्झोलामाइड-टिमोलॉल म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: डोळ्यातलं प्रेशर उतरवणारी दोन औषधं, एकाच बाटलीत.

आधी दोन्ही औषधं वेगवेगळी होती. एक दिवसातून तीनदा, दुसरं दोनदा, आणि मध्ये निदान पाच मिनिटं थांबायचं. त्यात सकाळचा चहा गार व्हायचा. कॉम्बिनेशन आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, विषय संपला. डोळ्याचं प्रेशर २४ वरून १५ वर आलं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. जळजळ होती, पण औषधच थोडं आम्लाकडे झुकलेलं, त्यामुळे थेंब पडताच झोंबतं. तोंड कडू व्हायचं, त्यावरही उपाय सापडला: थेंब टाकून डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध घशात उतरत नाही, रक्तातही कमी जातं. टिमोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही आणि नाडी मंद करतं, त्यामुळे हे नुसतं चवीपुरतं नाही.

पुढे काही महिन्यांनी डोळे लाल राहायला लागले. वाळू गेल्यासारखं टोचायचं, आणि गंमत म्हणजे पाणीही यायचं. डॉक्टरांनी पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं. अश्रूंचा थर दहा सेकंद तरी टिकायला हवा, माझा त्याच्या निम्म्यातच फाटत होता. बुबुळावर खाली बारीक बारीक ठिपके. दोष मुख्यतः बेंझाल्कोनियम क्लोराइडचा, म्हणजे बाटलीत जंतू होऊ नयेत म्हणून घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हचा. ते अश्रूंवरचा तेलकट थर मोडतं आणि रोज रोज पडून डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करतं. दोन बाटल्यांची एक झाल्याने त्याचा मारा उलट कमीच झाला होता म्हणे, पण वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. लाली आली म्हणून ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करायचे नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली सुरू केली. किंमत ऐकून पोटात गोळा आला. तरी काही आठवड्यांत टोचणं गेलं, लाली उतरली, प्रेशर तेवढंच. म्हणजे पैसे वसूल, असं म्हणणार होतो. पण बाटली!

जुनी बाटली इतकी मऊ की हात लागला की दोन थेंब. डोळ्यात एकसुद्धा पूर्ण मावत नाही, दुसरा सरळ गालावरून गळ्यात. ५ मिलीत हिशोबाने सव्वाशेच्या आसपास थेंब येतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून रोजचे ४, म्हणजे महिना निघायला हवा. पण पंचवीस दिवसांच्या आतच खडखडाट. नवी बाटली उलट टोकाची. आत जंतू जाऊ नयेत म्हणून झडप आहे, ती उघडायला जोर लागतो. थंडीत माझा अंगठा दुखतो. थेंब येतो तेव्हा मी छताकडे बघत दात-ओठ खात असतो, आणि तो पडतो पापणीवर. एवढ्या पैशांचा थेंब पापणीवर! आता बायको टाकते, तीही कुरकुरत.

आणि परवाचं भांडण. केमिस्टने ‘तेच आहे काका, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून स्वस्तातली बाटली पुढे केली. औषध तेच होतं, खरं. पण खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात बेंझाल्कोनियम छापलेलं होतं. काचबिंदूच्या पेशंटने ते वाचावं अशी अपेक्षा! मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचला आणि त्यालाही दाखवला. ‘सगळ्यात असतंच’ म्हणाला. माझ्या बाटलीत नाही, म्हटलं, मागवून दे. दोन दिवसांनी आली, एक रुपया सूट नाही.

औषधाला साडेचार. बाटलीला दोन, तेही बायको घरात आहे म्हणून.