डोंगरउतारावरचा ‘एनए प्लॉट’: आमचे 20,76,300 रुपये असे गेले

सह्याद्रीच्या पायथ्याला पाच गुंठे, ‘क्लिअर टायटल’, ‘एनए प्लॉट’ (म्हणजे बिगरशेती), बंगल्याची परवानगी ‘आम्हीच काढून देतो’. या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. आमचे त्यात 20,76,300 रुपये गेले. टोकनचे 51,000 धरून जमिनीचे 18,51,300 (5,445 चौरस फूट, दर 340), शिवाय ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ म्हणून 2,25,000 रोख. मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. रोख रकमेची पावती आजतागायत मिळालेली नाही. रोख देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.

एक गोष्ट अजून झोपू देत नाही. खरेदीखताच्या आधी एजंटने आमच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला मागितला. बिगरशेती प्लॉट घ्यायला शेतकरी असावं लागत नाही, तो लागतो शेतजमीन घ्यायला. मी तिथल्या तिथे विचारलं, “प्लॉट एनए आहे ना? मग दाखला कशाला?” तो म्हणाला, “तुमच्याकडे आहेच तर जोडून टाकू साहेब, फाईल मजबूत होते.” त्यांनीच दिलेला वकील शेजारी मान हलवत होता. समोर बिगरशेती आदेशाची शिक्का मारलेली प्रत होती. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, वकिलाने दुजोरा दिला. याउपर सामान्य माणसाने काय करायचं? तरीही सांगतो, दाखला मागितला की उठा आणि बाहेर या. वकील स्वतःचा न्या.

आदेश बनावट नव्हता, हे सगळ्यात संतापजनक. त्यावर क्षेत्र होतं 0.80 हेक्टर, म्हणजे जेमतेम 79 गुंठे. भिंतीवरच्या नकाशात पाच-पाच गुंठ्यांचे 34 प्लॉट, म्हणजे रस्ते सोडून 170 गुंठे! आदेश गटाच्या खालच्या सपाट हिस्स्याचा होता आणि आम्हाला विकला वरचा हिस्सा: शेतजमीन, तीही सामाईक. तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान शेततुकडा विकायला असलेली बंदी) चुकवण्यासाठी एकाच सातबाऱ्यावर आमची अकरा जणांची नावं चढवली. कुणाचा तुकडा कुठे, चतुःसीमा काय, कशाचाच पत्ता नाही. आदेशावरचा हिस्सा क्रमांक आणि खरेदीखतातला हिस्सा क्रमांक शेजारी ठेवून वाचा.

जागा दाखवली जानेवारीत. जेसीबीने उतार कापून सपाट पायऱ्या केल्या होत्या, वर ताजा मुरूम. डोंगराचा पाय असा कापला की वरच्या मातीचा आधारच जातो. खाली कातळ, वर सुटी माती. पावसाचं पाणी मुरून कातळावर साचलं की वरचा थर घसरतो. जुलैत आमच्या प्लॉटच्या वरच्या अंगाला लांब भेग पडली आणि खालचा रस्ता अर्धा खचला. कोरड्या दिवसांत डोंगरातली जागा पसंत करू नका. पावसात जा, भेगा बघा, वाकलेली झाडं बघा.

बांधकाम परवानगीला गेलो तेव्हा तिथल्या अभियंत्याने समतल रेषांचा (जमिनीचा चढउतार दाखवणारा) नकाशा पाहूनच नाही म्हटलं. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला मनाई आहे. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल, तर विषय संपला. मग हा नियम सातबाऱ्यावर का दिसत नाही? ‘या जमिनीवर घर बांधता येणार नाही’ एवढं एक वाक्य शेऱ्याच्या रकान्यात टाकायला काय अडचण आहे?

नोंदणी कार्यालय म्हणतं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी आणि झोन तपासत नाही. तलाठी म्हणतात, फेरफार नियमाप्रमाणे झाला. तहसीलमध्ये सांगितलं, उताराचं नगररचनाला विचारा. नगररचना म्हणतं, अनधिकृत खोदकाम महसूलकडे. पोलिसांनी अर्ज वाचला आणि ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ म्हणून परत दिला. खोटा प्लॉट दाखवून पैसे घेतले, हे दिवाणी कसं? माळीण गाव 30 जुलै 2014 ला दरडीखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी पाहणी, प्रत्येक वेळी याद्या. आणि इर्शाळवाडीचं नाव तर दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतंच. भेगेबद्दलच्या माझ्या अर्जावर मात्र ‘आपले गाव यादीत नाही’ असं लेखी उत्तर आलं, जणू भेग यादी वाचून पडते!

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत, टोकन देण्याआधी बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे तर महारेरा (स्थावर मालमत्ता प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) क्रमांक लागतो. आमच्याकडे ‘प्रोसेसमध्ये आहे’ सांगितलं होतं.

आम्ही अकरापैकी सात जण एकत्र येऊन दावा लावतोय. बाकीचे चौघे अजून परवानगी मिळेल या आशेवर आहेत. वरच्या पायऱ्यांवरचे प्लॉट अजून विकायचे आहेत, आणि पाऊस थांबला की शनिवार-रविवारी साइट व्हिजिटच्या गाड्या पुन्हा वर चढतील. त्यातल्या एखाद्या गाडीत तुम्ही असाल, तर भेगेवर नवा मुरूम टाकलाय तो पायाने बाजूला करून बघा.