नाट्यशिबिर की पूर्णवेळ अभ्यासक्रम?

नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटात उतरणाऱ्याला आठ-दहा दिवसांचं शिबिर पुरतं का? बऱ्याच अंशी हो. वाक्याचा शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचवणं, समोरच्याचं ऐकून मगच बोलणं हे तिथे चटकन सुधारतं. तालमीत दिग्दर्शकाला तेवढी सवड नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, पूर्णवेळ. म्हणजे नोकरी सोडणं आलंच.

संगीत नाटक करायचं असेल तर मात्र शिबिरावर विसंबू नका. गद्य बोलता बोलता ऑर्गनच्या सुरात अलगद पदात शिरायचं, तान घेतानाही प्रसंग सुटू द्यायचा नाही, यासाठी गुरूसमोर वर्षानुवर्षं बसावंच लागतं. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य तिन्ही शिकवतात; माझा कल तिकडेच.