सेनहायझर एचडी ६०० : शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी

साध्या हेडफोनवर समाधान होईनासे झाले की बहुतेक जण अधिक बास देणारे मॉडेल शोधू लागतात. शास्त्रीय गायन ऐकणाऱ्याने मात्र १९९७ पासून बाजारात असलेल्या सेनहायझर एचडी ६०० चा आधी विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. त्याची मागची बाजू जाळीची, म्हणजे उघडी असल्याने आवाज कानात कोंडत नाही. तानपुऱ्याची जवारी आणि गायकाने दोन आलापांच्या मध्ये घेतलेला श्वास इतका स्वच्छ ऐकू येतो की ओळखीचे ध्वनिमुद्रणही नव्याने उलगडते. तबल्याची चाट खणखणीत वाजते, डग्ग्याचा घुमारा मात्र काहीसा आवरता राहतो. याच जाळीतून आवाज बाहेरही पडतो, त्यामुळे लोकलमध्ये किंवा कार्यालयात हा हेडफोन उपयोगाचा नाही. शिवाय त्याचा रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम इतका जास्त असल्याने मोबाइलवर तो सहसा दबलेला वाटतो, म्हणून वेगळ्या ॲम्प्लिफायरचा खर्च हिशेबात आधीच धरावा. वायर आणि कानांवरच्या गाद्या सुट्या मिळतात व घरीच बदलता येतात, ही सोय मला आवाजाइतकीच मोलाची वाटते.