ग्रेहाउंड शर्यतीचा फॉर्म: घड्याळ प्रमाण मानावे की पहिले वळण?

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी खुली आणि भरपूर आकडेवारी लागते, आणि ब्रिटनमधील ग्रेहाउंड शर्यतींचे निकाल ही गरज चांगली भागवतात. प्रत्येक शर्यतीत सहा कुत्री, प्रत्येकाच्या मागील धावांची नोंद, आणि ही नोंद कोणालाही पाहता येते. निवड करावी लागते ती विश्लेषणाच्या पायाची. एक पक्ष धावेच्या वेळेवरून कुत्र्याची ताकद मोजतो. दुसरा पक्ष पहिल्या वळणावर कोण कोठे असेल याचा अंदाज आधी बांधतो. हा आढावा अभ्यासापुरताच आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केलेली असल्यामुळे, खानदेशात बसून या शर्यतींवर पैसे लावण्याचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने पुढे न वाचलेले बरे.

घड्याळाच्या पद्धतीचे आकर्षण उघड आहे. ज्याने आपल्याकडचा शंकरपट पाहिला आहे, त्याला सरळ धावपट्टीवर कमी वेळ घेणारी जोडी श्रेष्ठ ठरते हे वेगळे सांगावे लागत नाही. ग्रेहाउंडच्या नोंदीत मात्र प्रत्यक्ष वेळ आणि सुधारित वेळ असे दोन आकडे असतात, आणि तुलना सुधारित वेळेचीच करावयाची असते. वाळूची धावपट्टी पावसाने किंवा ऊन-वाऱ्याने कधी जड, कधी हलकी होते. तो फरक ‘गोइंग’ म्हणून सेकंदाच्या शतांशांत छापतात. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर कापसातील ८ टक्क्यांवरच्या ओलाव्यासाठी भाव कापतात, तशीच ही वजावट समजावी. गोइंग उणे १० असेल, तर धावपट्टी ०.१० सेकंदाने संथ होती असे मानून तेवढा वेळ प्रत्यक्ष वेळेतून वजा करतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शर्यत ४८० मीटरची, विजेत्याची वेळ २८.९० सेकंद, आणि ‘क’ हे कुत्रे सव्वातीन लांबी मागे राहून तिसरे आले. ब्रिटनमध्ये एक लांबी, म्हणजे साधारण एका कुत्र्याच्या शरीराइतके अंतर, ०.०८ सेकंदांची धरतात, म्हणून ‘क’ची वेळ २९.१६ सेकंद आणि गोइंगची वजावट केल्यावर २९.०६ सेकंद होते. दुसऱ्या शर्यतीत ‘ख’ने सुरुवातीपासून आघाडी राखून सुधारित २८.९६ सेकंद नोंदवले. दोन्ही कुत्री आता एकाच शर्यतीत उतरणार असतील, तर घड्याळाच्या हिशेबाने ‘ख’ सव्वा लांबी पुढे असायला हवे.

दुसऱ्या पक्षाचे काम येथून सुरू होते. नोंदीच्या ओळीत वेळेशेजारी वळणांवरील स्थाने आणि संक्षिप्त शेरेही असतात. ‘ख’ची स्थाने १-१-१-१ आहेत, म्हणजे ते सर्वांच्या पुढे मोकळे धावले, पुढच्याला ओलांडून जाण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. ‘क’ची स्थाने ५-४-३-३ आणि शेरे ‘स्लो अवे’, ‘क्राउडेड’, ‘रॅन ऑन’ असे आहेत. ते उशिरा सुटले, पहिल्या वळणावर गर्दीत अडले आणि तरीही शेवटपर्यंत अंतर कापत राहिले. त्याच्या २९.०६ मध्ये गर्दीत गेलेला वेळ मिसळलेला आहे आणि तो वेगळा काढण्याचे साधन घड्याळाजवळ नाही.

आता सोडत, म्हणजे कोणते कुत्रे कोणत्या ट्रॅपमधून (सुटण्याच्या पेटीतून) धावणार ते, पाहू; ट्रॅप १ सर्वांत आतला आणि ६ सर्वांत बाहेरचा. ‘ख’ ट्रॅप २ मध्ये आहे आणि त्याच्या आतल्या बाजूस, ट्रॅप १ मध्ये, त्याच धावपट्टीवर ४.४८ सेकंदांचा सेक्शनल नोंदवणारे कुत्रे आहे. सेक्शनल म्हणजे सुटल्यापासून विजयरेषा पहिल्यांदा ओलांडेपर्यंतचा वेळ. ‘ख’चा नेहमीचा सेक्शनल ४.५५ आहे, ०.०७ सेकंदांचा हा फरक जवळपास एका लांबीचा. त्यामुळे वळणावर ‘ख’ला आतून वाट मिळण्याची शक्यता कमी होते आणि त्याला मागे थांबावे लागेल किंवा ट्रॅप ३ च्या वाटेत जावे लागेल. ‘क’च्या नावापुढे रुंद धावणाऱ्याचे ‘डब्ल्यू’ हे चिन्ह आहे, ते ट्रॅप ५ मध्ये आहे आणि बाहेरचे सहावे कुत्रेही रुंद धावणारे व सावकाश सुटणारे आहे. आत गर्दी झाली तर मोकळी जागा ‘क’लाच मिळेल. एवढे पाहिल्यावर मी ‘ख’ला सव्वा लांबी पुढे धरणार नाही.

म्हणून नेहमीच्या श्रेणीबद्ध शर्यतींसाठी, म्हणजे ‘ए’ वर्गातील शर्यतींसाठी, माझा कौल पहिल्या वळणाच्या बाजूने आहे. तेथे अधिकारी सारख्या वेळेची कुत्री मुद्दाम एकत्र आणतात, आणि वेळेतला फरक असा आधीच पुसला गेला की उरतो तो जागेचा फरक. याउलट, झपाट्याने सुधारणारी कोवळी कुत्री, मोकळ्या धावपट्टीवरील चाचणी धावा आणि वरच्या दर्जाच्या खुल्या शर्यती येथे घड्याळ अधिक उपयोगी पडते, कारण ताकदीतील खरी तफावत तेथे दिसते. मात्र रॉमफर्डचे ४०० मीटर आणि इंग्लिश डर्बी होते त्या टोसेस्टरचे ५०० मीटर यांच्या वेळा एका तक्त्यात मांडू नयेत. सेक्शनलही धावपट्टीनुसार बदलतात.

वजनाच्या रकान्यात नवख्याने फार वेळ घालवू नये, कारण मागील वजनापेक्षा एक किलोहून अधिक फरक पडल्यास कुत्र्याला धावूच देत नाहीत. मादीच्या माजाची तारीख मात्र अवश्य पाहावी. त्यानंतरच्या काही महिन्यांत तिची धाव बरीच बदलू शकते. ‘ए३’मधून ‘ए५’मध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीत, उतरलेल्या कुत्र्याची वेळ वाढली आहे की केवळ सोडत वाईट होती, हे शेऱ्यांवरून कळते.

वळणाच्या पद्धतीचा खरा दोष श्रमाचा आहे. शेरे हाताने वाचून संकेतांत भरावे लागतात आणि दोन विद्यार्थी एकच शेरा वेगळ्या अर्थाने नोंदवू शकतात, तर घड्याळाचे रकाने संगणकात थेट भरता येतात. प्रकल्पाला एकच सत्र मिळत असेल, तर एकच धावपट्टी आणि एकच अंतर घेऊन पहिल्या वळणावरील स्थान हेच भाकिताचे लक्ष्य ठरवावे. घड्याळ त्यात एक चल म्हणून राहू द्यावे.

कोणताही पाया घेतला तरी त्याची परीक्षा शर्यत सुटतानाच्या सट्ट्याच्या भावाशी (स्टार्टिंग प्राइस) करावी. दोनास एक भाव म्हणजे १/(२+१), अर्थात ३३.३ टक्के शक्यता. सहा कुत्र्यांचे भाव असे शक्यतेत बदलून बेरीज केली तर ती १०० च्या वर जाते, आणि वरचा भाग सट्टेवाल्याचा असतो. तो प्रमाणात वाटून काढल्यावर उरणारे आकडे आपल्या आकड्यांशेजारी मांडावेत; आपले आकडे मात्र शर्यतीपूर्वीच लिहून ठेवावेत, कारण निकाल कळल्यानंतर भरलेला तक्ता कोणताही परीक्षक ग्राह्य धरणार नाही.