आईच्या त्वचेची लाली मोजणारा विभाग

आईला डाव्या स्तनावर रेडिएशनचे (किरणोपचाराचे) १५ शेक दिले, एकूण ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक). शेकांनी त्वचा लाल होते, पण आम्ही सावळ्या, लाली डोळ्यांना पटकन दिसतच नाही. मावशीच्या वेळी दुसरीकडे नुसतं बघून "ठीक आहे" म्हणायचे, आणि तिला पदर लागला तरी कळवळायला व्हायचं. इथे सिस्टरनी पहिल्या शेकाआधीच रंगमापक यंत्र दोन्ही बाजूंना टेकवून आकडे लिहून घेतले. नंतर दर आठवड्याला त्याच जागी, अगदी हलक्या हाताने. दाबलं तर रक्त सरकतं न् लाली कमी भरते. तिसऱ्या आठवड्यात डावीकडचा आकडा चढला, मलम लगेच मिळालं. जळजळ यंत्राला कळत नाही, ती त्या आवर्जून विचारायच्या. तक्रार एकच: त्रास शेक संपल्यावरही आठवडाभर वाढतो, तेव्हा मोजायला बोलावलं नाही. बोलवाच.